'रावळपिंडी' आगबोटीची हकिगत

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात एखादा लोकरीचा जाड डगला, एखादे परदेशी चिनीमातीचे भांडे, आणि नशीब असेल तर आजोबा-पणजोबांचा बोटीवरच्या नोकरीचा दाखला सापडतो. कोकणपट्टीतील आपल्या गावांतून 'बोटीवर गेला' हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, श्रीवर्धन या बाजूच्या मुलांना शाळेचा रस्ता ठाऊक होण्याआधी मुंबईच्या गोदीचा रस्ता ठाऊक असे. आज ज्या आगबोटीची हकिगत सांगावयाची आहे ती याच मुंबईच्या गोदीत चौदा वर्षे ये-जा करीत होती. शेवट मात्र तिला आइसलंडच्या थंडगार समुद्रात आला. तिचे नाव 'रावळपिंडी'.

पी. अँड ओ. कंपनीने १९२० नंतरच्या काळात विलायत-हिंदुस्थान मार्गासाठी एकाच घडणीच्या चार मोठ्या बोटी बांधून घेतल्या. त्यांची नावे 'रांची', 'रनपुरा', 'रावळपिंडी' आणि 'राजपुताना' अशी 'र' अक्षरावरून ठेवली, म्हणून जहाजांच्या इतिहासात त्यांचा वर्ग त्याच अक्षराने ओळखला जातो. 'रावळपिंडी' स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे हारलंड अँड वुल्फ यांच्या कारखान्यात तयार झाली. २६ मार्च १९२५ रोजी तिला पाण्यात सोडण्याचा समारंभ लेडी बर्कनहेड यांच्या हस्ते झाला. त्यांचे यजमान लॉर्ड बर्कनहेड हे त्या वेळी लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री होते. साडेसोळा हजार टनांहून अधिक वजनाची, साडेपाचशे फुटांच्या जवळपास लांबीची, ताशी सतरा सागरी मैल चालणारी ही बोट होती. पहिल्या वर्गाचे ३०७ आणि दुसऱ्या वर्गाचे २८८ उतारू तिच्यात राहू शकत. दोन धुराडी, रांगेने टांगलेल्या होड्या, लाकडी नक्षीकामाचे दिवाणखाने आणि जेवणघरे. समुद्रावर तरंगणारे एक बडे हॉटेलच म्हणा ना.

त्या काळी विलायतेहून आलेला साहेब बॅलार्ड पिअरला उतरे, तिथेच धक्क्यालगतच्या स्टेशनातून टपालगाडीत चढे. १९२८ साली सुरू झालेली फ्राँटियर मेल टपालबोटीच्या उतारूंना घेऊन तिथूनच निघे आणि थेट पेशावरपर्यंत जाई. वाटेत रावळपिंडी शहर लागे. म्हणजे 'रावळपिंडी' बोटीतून उतरून रावळपिंडी शहरात पोहोचणारा उतारू मधल्या वाटेत फक्त मुंबईचा धक्का ओलांडत असे.

पण हे सारे वरच्या मजल्यावरचे झाले. खाली कोण होते? पी. अँड ओ. च्या बोटींवर माणसांची वाटणी जुन्या रिवाजाने ठरलेली असे. डेकवर आपले कोकणचे व गुजरातच्या किनाऱ्याचे खलाशी, त्यांच्यावर तांडेल, आणि सर्वांवर सारंग. इंजिनखान्यात बहुतेक पंजाबी आणि पठाण आगवाले. जेवणघरात आणि केबिनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती बांधव. प्रत्येक गटाचा भंडारी वेगळा, चूल वेगळी. मुसलमान खलाश्यांसाठी हलाल गोश्ताची व्यवस्था असे. अधिकारी मात्र गोरे. खलाश्याचा पगार गोऱ्या खलाश्याच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नसे, राहावयाची जागाही तशीच तुटपुंजी. आणि करार असा की विलायतेच्या बंदरात उतरून दुसरी नोकरी पाहता येऊ नये, परत हिंदुस्थानच्याच बंदरात येऊन सुटका व्हावी. बहुसंख्य खलाशी निरक्षर असत. करारात काय लिहिले आहे ते सारंग सांगेल तेवढे त्यांना कळे, आणि नोकरी मिळवून देण्यासाठी दलालाच्या हातावर काही ठेवावे लागे ते वेगळेच. आपल्या वडीलधाऱ्यांना तालमीची किंमत कुठे आणि कशी कळली असावी, हे या ठिकाणी माझ्या ध्यानात येते.

या बोटींच्या भावंडांची ओळख आपल्या देशाच्या इतिहासालाही आहे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते 'राजपुताना' बोटीने. पंडित मदनमोहन मालवीय आणि सरोजिनी नायडू याही त्याच बोटीवर होत्या. त्याआधी दोन आठवडे, १५ ऑगस्टला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच परिषदेसाठी त्याच कंपनीच्या 'मुलतान' बोटीने रवाना झाले होते. पुढे आठ वर्षांनी या दोन्ही बोटींवर तोफा चढल्या.

आता विद्यार्थी विचारतील, उतारूंच्या बोटीवर तोफा चढवावयाचे कारण काय? सांगतो. लढाई जाहीर झाली की ब्रिटनसारख्या बेटाचा पहिला डाव म्हणजे शत्रूची समुद्रावरील ये-जा तोडणे आणि आपली चालू ठेवणे. त्यासाठी हजारो मैल समुद्रावर गस्त घालावी लागते. खऱ्याखुऱ्या लढाऊ जहाजांची संख्या थोडी, आणि ती बांधावयास वर्षे लागतात. उतारूंची मोठी बोट मात्र आयती तयार असते. ती वेगाने चालते, इंधन भरपूर घेते, वादळात टिकते, आणि तिच्यावर शेकडो माणसांना राहावयाची सोय असते. तिच्यावर तोफा बसवल्या की व्यापारी जहाजे अडवून तपासण्यापुरते काम भागते. ही युक्ति पहिल्या महायुद्धातही वापरली गेली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अशी पन्नासच्या आसपास जहाजे उभी केली.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, म्हणजे लढाई पुकारण्याच्या काही दिवस आधीच, 'रावळपिंडी' सरकारने ताब्यात घेतली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट गोदीत तिचा कायापालट झाला. मागचे धुराडे काढून टाकले. आठ सहा-इंची तोफा आणि विमानांवर मारा करण्यासाठी दोन तीन-इंची तोफा बसवल्या. सहा-इंची तोफा जुन्या होत्या, मागल्या जमान्यातील लढाऊ जहाजांवरून उतरवून ठेवलेल्या. बोटीच्या अंगावर पोलादी चिलखत नव्हतेच, आणि ते आणणार कुठून? उंच, सपाट बाजू तशाच राहिल्या, शत्रूला दुरून दिसावयास अगदी सोईस्कर.

माणसेही बदलली. बोट आता राजाच्या आरमाराची झाली. अशा जहाजांवरील हिंदी खलाशी सहसा उतरवले जात. त्यांच्या जागी आरमाराचे राखीव सैनिक येत, आणि कंपनीचे काही जुने इंजिनियर व कामगार खास करारावर राहात. 'रावळपिंडी'च्या कप्तानपदी एडवर्ड केनेडी यांची नेमणूक झाली. वय साठ. आरमारातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती. पुढे इंग्लंडात लेखक व दूरदर्शनवरील निवेदक म्हणून गाजलेले लुडोविक केनेडी हे त्यांचे चिरंजीव.

तिला काम मिळाले उत्तरेच्या गस्तीचे. स्कॉटलंडच्या उत्तरेस फॅरो बेटे, त्यापुढे आइसलंड आणि त्यापलीकडे ग्रीनलंड. या बेटांमधल्या वाटांनीच जर्मन जहाजांना अटलांटिक महासागरात निसटता येई किंवा तिथून घरी परतता येई. त्या वाटा अडवून धरावयाच्या होत्या. हिवाळ्यात तिथे दिवस अवघ्या काही तासांचा, धुके आणि बर्फाचे तुकडे, आणि लाटांनी डेक नेहमीच भिजलेला. तांबड्या समुद्राच्या उकाड्यासाठी बांधलेली बोट अशा ठिकाणी गस्त घालत होती. १९ ऑक्टोबरला तिने 'गोंझेनहाइम' नावाचे एक जर्मन जहाज गाठले. पकडले जाण्याऐवजी त्याच्या माणसांनी ते स्वतःच बुडवून टाकले. गस्तीचे काम म्हणावयाचे ते हेच, आणि अशा कामाला ही बोट पुरी पडत होती.

२३ नोव्हेंबर १९३९ च्या दुपारी मात्र जे समोर आले ते अशा कामापलीकडचे होते. 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' ही जर्मनीची दोन अद्ययावत लढाऊ जहाजे अॅडमिरल मार्शाल यांच्या हाताखाली दोन दिवसांपूर्वी जर्मनीहून निघाली होती. ब्रिटिश गस्त मोडून अटलांटिकच्या तोंडाशी गोंधळ उडवावयाचा, म्हणजे दक्षिणेत फिरणाऱ्या 'ग्राफ स्पे' या त्यांच्या जहाजावरील दाब कमी होईल, असा त्यांचा बेत होता. आइसलंडच्या आग्नेयेस संधिप्रकाशात 'रावळपिंडी'ला त्यांपैकी एक दिसले. कप्तान केनेडींनी ताबडतोब बिनतारी संदेश पाठवला. त्यांना ते जहाज 'डॉइचलंड' वाटले. ओळख चुकली, पण संकटाचा अंदाज बरोबर होता.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी इथे थोडी बेरीज-गुणाकार करून पाहावा. दोन्ही जर्मन जहाजांवर प्रत्येकी नऊ अकरा-इंची तोफा, आणि एका गोळ्याचे वजन ३३० किलो. अठरा तोफा एकदम सुटल्या की जवळजवळ सहा टन लोखंड. 'रावळपिंडी'च्या आठ तोफांपैकी एका बाजूस चारच चालत. गोळा सुमारे ४५ किलोचा, म्हणजे एका फैरीत १८० किलो. हिशेब तेहतिसास एक असा पडतो. शिवाय जर्मन जहाजाच्या कुशीला सुमारे चौदा इंच जाडीचे पोलाद, आणि चाल ताशी तीस सागरी मैलांच्या वर, बोटीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे लढणेही कठीण आणि पळणेही कठीण.

केनेडींनी प्रथम धुक्याकडे बोट वळवली. तोवर दुसरे जहाजही पुढे आले. थांबण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही. मग तोफा सुरू झाल्या. सुरुवातीच्याच माऱ्यात बोटीचा वरचा मजला आणि बिनतारी यंत्राची खोली उद्ध्वस्त झाली. वीज बंद पडली, त्याबरोबर खालून गोळे वर आणणारे पाळणे थांबले. तेव्हा माणसांनी गोळे हातांनी वाहून तोफांपर्यंत नेले. एकत्र हुकूम देणारे कोणी उरले नाही, तरी एकेक तोफ आपापल्या हिशेबाने मारा करीत राहिली. त्यांचा एक गोळा 'शार्नहोर्स्ट'ला लागलाही, पण त्याने थोडेसेच नुकसान झाले. इकडे दिवाणखान्याचे वाळलेले लाकूड पेटले आणि बोटभर आग पसरली. हा सारा प्रकार सुमारे चाळीस मिनिटे चालला. शेवटी दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत मारा पोहोचला आणि बोट मोडली. रात्री आठच्या सुमारास ती बुडाली.

कप्तान केनेडींसह २३८ माणसे गेली. काहींना जर्मन जहाजांनी पाण्यातून उचलले आणि ते युद्धकैदी झाले. तेवढ्यात 'न्यूकॅसल' हे ब्रिटिश लढाऊ जहाज जवळ येताना दिसले, तेव्हा जर्मन जहाजे अंधारात व पावसात निसटली. अकरा जणांना 'चित्राल'ने वाचवले. ही 'चित्राल'सुद्धा पी. अँड ओ. ची उतारूंची बोट, तोफा चढवून त्याच गस्तीवर आलेली. समुद्रात तरंगणाऱ्या या अकरा जणांना घेऊन जावयास आपल्याच कंपनीची बोट यावी, हा योग विलक्षण खराच.

या झुंजीचे फळ काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मार्शाल यांचा ठावठिकाणा उघडा पडला आणि अटलांटिकमध्ये घुसण्याचा बेत सोडून ते २७ नोव्हेंबरला जर्मनीला परतले. तेवढ्यापुरते 'रावळपिंडी'ने गस्तीचे काम केले असे म्हणावे लागेल. पुढच्या वर्षी ५ नोव्हेंबर १९४० रोजी 'जर्व्हिस बे' या अशाच एका उतारू-बोटीने 'अॅडमिरल शेअर' या जर्मन जहाजाशी झुंज घेतली आणि तांड्यातील बहुतेक व्यापारी जहाजांना पळावयास वेळ मिळवून दिला. तिचे कप्तान फेगन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. केनेडींच्या वाट्याला केवळ खलित्यातील उल्लेख आला. ज्यांच्या बलिदानाचा फायदा डोळ्यांना दिसतो त्यांना पदक लवकर मिळते, असे मला हे वाचताना वाटले. कोणाला हे मत कडवट वाटेल, तर वाटो.

पण माझ्या मते खरा दोष योजनेतच होता. अशा बोटी निःशस्त्र व्यापारी जहाजांना अडवावयास ठीक, लढाऊ जहाजांपुढे किंवा पाणबुड्यांपुढे त्या केवळ मोठे लक्ष्य होत्या. दुसऱ्या महायुद्धात अशी पंधरा ब्रिटिश जहाजे गेली, त्यांपैकी दहा पाणबुड्यांनी बुडवली. 'राजपुताना'चे तेच झाले. गांधीजींना घेऊन गेलेली ती बोट १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडच्या पश्चिमेस एका जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यावरची चाळिसेक माणसे दगावली, पावणेतीनशेहून अधिक वाचली. अखेरीस आरमाराने हा प्रयोग आवरता घेतला आणि उरलेल्या बोटी सैन्य वाहून नेण्याच्या किंवा दुरुस्तीच्या कामाला लावल्या. 'रनपुरा' दुरुस्तीचे जहाज झाली आणि १९६१ साली मोडीत निघाली. 'रांची' लढाईनंतर ऑस्ट्रेलियात वसावयास जाणाऱ्या लोकांना नेत राहिली, तिला १९५३ साली तोडले. 'मुलतान'ही लढाईतून सुखरूप परतली. ज्या दोन जहाजांनी 'रावळपिंडी'ला बुडवले त्यांपैकी 'शार्नहोर्स्ट' २६ डिसेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या उत्तरेस बुडाले, 'ग्नायझेनाऊ' १९४२ सालच्या बाँबहल्ल्यानंतर पुन्हा कधी समुद्रावर लढले नाही.

आता पुन्हा आपल्या खलाश्यांकडे वळू या. आरमारी बोटींवरून उतरवले म्हणजे ते सुरक्षित घरी बसले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर त्या वेळी दर चार माणसांमागे सुमारे एक हिंदी होता. धान्य, तेल, दारूगोळा वाहणारी ही जहाजे पाणबुड्यांची पहिली शिकार होती, आणि तोफा तर त्यांच्यावर नावापुरत्याच. १९३९ च्या शरद ऋतूत, 'रावळपिंडी' उत्तरेकडे गस्त घालत असतानाच, ब्रिटनच्या बंदरांतून हिंदी खलाश्यांनी जहाजे हलवण्यास नकार दिला. लढाईचा धोका सर्वांना सारखा, तर मग मोबदला इतका कमी का, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेकडोंना तुरुंगात टाकण्यात आले. शेवटी पगार आणि युद्धभत्ता वाढवून द्यावा लागला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी परमुलखात, थंडीत, कायदा विरोधात असताना हे मिळवले. 'रावळपिंडी'च्या तोफखान्याच्या धैर्याइतकेच हेही धैर्य मोठे होते, असे मी मानतो.

१७ सप्टेंबर १९४० रोजी 'सिटी ऑफ बनारस' ही बोट लहान मुलांना कॅनडाला नेत असता बुडवली गेली. तिच्या एका होडीत सेहेचाळीस माणसे आठ दिवस अटलांटिकवर तरंगत राहिली. त्यांत सहा मुलगे होते, आणि बहुसंख्य माणसे हिंदी खलाशी होती. या मुलांची गोष्ट इंग्रजीत पुष्कळदा लिहिली गेली. खलाश्यांची नावे त्यात क्वचितच आढळतात.

लढाईत मरण पावलेल्या हिंदी खलाश्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. मुंबईत मशीद बंदराला खलाश्यांसाठी बांधलेली 'इंडियन सेलर्स होम' ही इमारत आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाश्यांचे स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांची नोंदवहीही तिथे ठेवलेली आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, म्हणून ही नावेच काय ती खूण.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'डफरिन' नावाचे जहाज १९०४ साली सरकारी सैन्य वाहून नेण्यासाठी बांधले गेले होते. पहिल्या महायुद्धातही ते कामावर होते. १९२७ साली तेच जहाज माझगावला नांगरून तिथे हिंदी मुलांना जहाजावरील अधिकारी बनवण्याची शाळा उघडली. १९७२ साली तिची जागा 'राजेंद्र' या जहाजाने घेतली. आपल्या गावांतून तीन पिढ्या खलाशी गेल्या त्या बोटींच्या पुलावर हिंदी अधिकारी उभा राहिला, तो या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांमुळे. त्या शाळेत प्रवेशासाठी मात्र इंग्रजी आणि गणित लागे.

ज्यांच्या घरी सुरुवातीला सांगितलेली पत्र्याची पेटी असेल त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. नोकरीच्या दाखल्यावर बोटीचे नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख असते. त्या तारखा घरातील वडील माणसांना वाचून दाखवाव्यात, आणि ते जे सांगतील ते एका वहीत लिहून ठेवावे. ज्या घरचा माणूस लढाईत समुद्रावर गेला आणि परतला नाही, त्यांनी मशीद बंदराच्या नोंदवहीत त्याचे नाव शोधावे. इंग्रजी कारकुनांनी आपली नावे नाना तऱ्हांनी लिहिली आहेत, तेव्हा बापाचे नाव आणि गाव बरोबर घेऊन जावे.